मालकीबदल आणि आर्थिक संक्रमण : रशिया व सोलापूरची गिरणी

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर (1991) पूर्वाश्रमीच्या समाजवादी देशांतील आर्थिक परिवर्तनाला 'संक्रमण' ही संज्ञा रूढ झाली. उद्योगांची मालकी राज्याकडून खाजगी हातांत गेली की कार्यक्षमता आपोआप येईल, हे या विचारामागील प्रमुख गृहीतक होय. त्याची चिकित्सा रशियाप्रमाणेच सोलापूरच्या अनुभवावरूनही करता येते.

रशियात 2 जानेवारी 1992 रोजी बहुतांश किमती नियंत्रणमुक्त करण्यात आल्या. त्या एका वर्षात किमती सुमारे 26 पट झाल्या आणि सामान्यांची बचत मातीमोल झाली. त्याच वर्षी नागरिकांना 10,000 रूबल दर्शनी मूल्याची खाजगीकरण-पत्रे वाटण्यास प्रारंभ झाला. कागदोपत्री मालकी सर्वांची झाली. परंतु 1995 च्या 'कर्जाच्या बदल्यात समभाग' योजनेतून तेल व धातू उद्योगांतील मोठे हिस्से मोजक्या धनिकांकडे गेले. तेथील कारखान्याशी वेतनाबरोबरच घर, दवाखाना व पाळणाघरही निगडित होते. हा आधार खचत असताना पुरुषांचे सरासरी आयुर्मान 1990 मधील सुमारे 64 वर्षांवरून 1994 मध्ये 58 वर्षांच्या खाली आले. पोलंडनेही 1990 मध्ये किमती मुक्त केल्या. मात्र मोठ्या उद्योगांचे खाजगीकरण तेथे सावकाश झाले आणि 1992 पासून अर्थव्यवस्था सावरली.

सोलापुरात हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहिला होता. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट 1949 मध्ये खाजगी व्यवस्थापनाखाली बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. वटहुकमाच्या उद्देशिकेत बेकारीचा उल्लेख होता. न्यायालयापुढील वाद मात्र भागधारकांच्या हक्कांचा होता. द्वारकादास श्रीनिवास खटल्यात डिसेंबर 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कृती भरपाईविना मालमत्ता हिरावणारी ठरविली. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीला या निकालाची पार्श्वभूमी होती. मालकाचा हक्क आणि राज्याचा अधिकार यांचा असा सखोल ऊहापोह झाला. कामगाराच्या हक्काला त्यात स्थान नव्हते. कालांतराने ही गिरणी कायमची बंद झाली. शहरातील इतर गिरण्याही बंद पडत गेल्या आणि अनेक श्रमिक कुटुंबांना यंत्रमाग व विडी या अल्प संरक्षण असलेल्या उद्योगांचा आश्रय घ्यावा लागला.

मालकी कोणाची, हा प्रश्न गौण नाही. तथापि कारखाना बंद पडल्यावर श्रमिकाच्या निवाऱ्याची, उपचाराची आणि बचतीची हमी कोण देणार, याचे उत्तर आधी ठरले नाही, तर संक्रमणाची किंमत त्यालाच मोजावी लागते. रशिया आणि सोलापूर, दोन्हीकडे हे उत्तर वेळेवर मिळाले नाही.