‘मी’ कुणी म्हणायचं?

‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड ऐकली नाही असा माणूस मराठी मुलखात शोधावा लागेल. अमर शेखांनी पहाडी आवाजात ती गाजवली, पुढे विठ्ठल उमपांनी गायली. दोन्ही वेळा शाहीर एकटा पुढे आणि झीलकरी मागे. हेच गाणं गावातल्या वीस-पंचवीस बायाबाप्यांनी मिळून म्हणायचं ठरवलं तर काय होईल? आणि ते गाव मुंबईजवळचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा असेल तर? गाणं बसवायला घेतलं की ते निराळंच वाचावं लागतं. नुसतं ऐकताना ज्या गोष्टी निसटतात, त्या वाटणी करताना हाताला लागतात.

पहिली अडचण ‘मी’ची. हा ‘मी’ पुरुष आहे, बायकोला मागे ठेवून मुंबईला आलेला. त्याच्या जिवाची तगमग पंचवीस जणांनी एका सुरात म्हटली की ती कुणाचीच राहत नाही. ‘हम होंगे कामयाब’ला ही अडचण येत नाही. त्याचं मूळ अमेरिकेतल्या चर्चच्या गाण्यात आहे. 1945 साली चार्ल्स्टनला तंबाखू कारखान्याच्या कामगारांचा, त्यांत बहुतेक काळ्या बाया, संप झाला. त्या संपातल्या गाण्यात चर्चमधल्या ‘मी’चा ‘आम्ही’ झाला. ते गाणं मुळातच सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं. आपली शाहिरी तशी नाही. इथे एकजण सांगतो, बाकीचे ‘जी जी’ करत झील धरतात, म्हणजे साक्ष देतात.

अण्णा भाऊंची करामत अशी, की ‘मी’पासून ‘आम्ही’पर्यंतचा तोच प्रवास त्यांनी एका गाण्याच्या पोटात घडवून आणला. सुरुवातीला सगळं खाजगी आहे: मैनेचा गव्हाळ रंग, तिचं चालणं, निघतानाची घालमेल. नवरा समजूत घालायला दागिन्यांची भलीमोठी यादी ऐकवतो, पण ती काही खुलत नाही. मग मुंबई येते, तिथली श्रीमंती आणि तिथलीच उपासमार. आणि अगदी शेवटी, ऐकणाऱ्याला चाहूल न लागू देता, मैनेची ताटातूट आणि महाराष्ट्राची ताटातूट एकाच दुःखाची होऊन बसते. बेळगाव, डांग, उंबरगाव ही नावं मैनेच्या ओळीला येऊन उभी राहतात. लावणीचा शृंगार ऐकायला बसलेला माणूस उठतो तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं करणाऱ्या अण्णा भाऊंना हे ठाऊक होतं, की चाळीतला गिरणी कामगार घोषणेला टाळी देईल, पण डोळे पुसेल ते बायकोच्या आठवणीनं. स्वतः वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला माणूस तो.

म्हणून माझं मत असं, की मैनेचं वर्णन सगळ्यांनी मिळून म्हणू नये. तिथे एकच गळा हवा, मागे नुसतं तुणतुणं. पेटीवर तीन-तीन सूर दाबून स्वरमेळ करायचा मोह होतो, तो टाळावा. शाहिरीत शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, सुरांच्या गोधडीत तो गुदमरतो. पट्टीचीही रड आहेच. काळी दोन धरली तर बायकांचा आवाज तळाला जातो, काळी पाच धरली तर पुरुषांच्या मानेच्या शिरा फुगतात. तमाशात सुरत्ये वरचा सूर लावून धरतात, तीच युक्ती इथे कामाची: पट्टी पुरुषांना पेलेल ती घ्यावी आणि झील बायकांनी वरच्या सप्तकात उचलावी. दागिन्यांची यादी मात्र वाटून द्यावी, एकेकीला एकेक डाग. ते डाग बायकांच्याच तोंडून आले, की न मिळालेल्या वस्तूंची ती यादी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

खरी गंमत शीर्षकातल्या एका शब्दयोगी अव्ययात आहे. मैना ‘गावात’ राहिली नाही, ‘गावावर’ राहिली. शेतावर, कामावर, तसं गावावर. त्या ‘वर’मध्ये राबणं आहे. नवरा गिरणीवर, ती गावावर. दोघंही आपापल्या पाळीला.

हे डोंगरकड्याला नेऊन पाहा. केळीच्या बागा, हळद, ऊस आणि उसामागून आलेला साखर कारखाना असा हा भाग. इथल्या कानांना गिरणी दूरची, फड ओळखीचा. मराठवाड्यातून ऊसतोडीला जातात ती जोडपी. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडीवर मिळते. म्हणजे इथली मैना गावावर राहतच नाही. ती पहाटेच्या गारठ्यात मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते. गावावर राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. अण्णा भाऊंचा नायक फडाच्या हिशेबानं बघितला तर अर्धा कोयताच.

तेव्हा मुख्य ‘मी’ एखाद्या बाईला देऊन पाहावा. एक अक्षर न बदलता. शब्द पुरुषाचे, गळा बाईचा. आणि ‘मैना’ म्हटल्यावर समोर बसलेल्यांना बायको नव्हे, आजीपाशी ठेवलेली लेक आठवेल. यावर कुणी म्हणेल की हा मूळ गाण्यावर अन्याय झाला. मला तसं वाटत नाही. तमाशातल्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणून बसवणारा हा शाहीर. त्याच्या गाण्याला सोवळ्यात ठेवणं हाच अन्याय.

शेवटच्या कडव्याला मात्र सगळ्यांनी एकदम शिरावं, डफ आणि ढोलकीसकट. हा भाग निजामाच्या राजवटीतून सुटला 17 सप्टेंबर 1948 ला. 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. खंडित मुलखाचं दुःख इथे पुस्तकी नाही.

कार्यक्रमाला दिवस 1 मेचाच धरा: महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि 1999 पासून हिंगोली जिल्ह्याचा वाढदिवसही. तालमी मात्र पाडव्यानंतर हंगाम उरकला की सुरू करा. त्याआधी निम्मा कोरस फडावर असतो.