शीट पूर्ण झाले, वस्तू राहिली

सत्र संपत आले की तंत्रनिकेतनांच्या वसतिगृहांतून एक जुना उद्योग सुरू होतो. दोन स्टुलांवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, वरच्या वर्गातील एखाद्याचे गेल्या वर्षीचे शीट काचेवर पसरायचे, त्यावर आपला कोरा कागद चिकटवायचा आणि खालची रेघ दिसेल तशी वर ओढायची. विद्यार्थी याला 'जीटी', म्हणजे ग्लास ट्रेसिंग म्हणतात. गेल्या कित्येक वर्षांत संगणक आले, आरेखनाचा निम्मा-अधिक भाग पडद्यावर गेला, तशी काच आणि दिवा मागे पडले. आता पेनड्राइव्हवरून फाइल येते, कोपऱ्यातील चौकटीतले नाव आणि क्रमांक बदलला जातो, आणि शीट छापून निघते. पूर्वी निदान हाताला वळण तरी लागत असे.

आमचा व्यवसाय संशोधनाचा. प्रयोगासाठी लागणारे लहानमोठे भाग कार्यशाळेतून करून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी आरेखन द्यावे लागते. त्यामुळे पदविका घेऊन आलेल्या तरुण मुलामुलींशी आणि त्यांच्या फायलींशी आमचा नेहमीच संबंध येतो. फायली देखण्या असतात. पण त्याच मुलाच्या हातात एखादा पितळी नळ आणि व्हर्नियर कॅलिपर दिला आणि 'याचे आरेखन करून दे' म्हटले, की तो विचारतो, 'मूळ चित्र कुठे आहे?' या प्रश्नातच आमची सारी तक्रार आली. ती मुलांविरुद्ध नाही. त्यांना जो स्वाध्याय दिला गेला, त्याच्याविरुद्ध आहे.

अभियांत्रिकी आरेखनाचा पाया गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने घातला. त्याची १७९५ सालची व्याख्याने १७९९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याचा मुद्दा साधा होता. तीन मिती असलेली वस्तू दोन मितींच्या कागदावर अशी मांडायची की, कागद वाचणाऱ्याला वस्तू नि:संदिग्धपणे परत उभी करता यावी. म्हणजे वाट दुहेरी आहे: वस्तूकडून कागदाकडे आणि कागदाकडून वस्तूकडे. आजचा नेहमीचा स्वाध्याय कागदाकडून कागदाकडे जातो. पुस्तकात सममितीय दृश्य दिलेले असते, त्यावरून समोरचे, वरचे आणि बाजूचे दृश्य काढायचे. वस्तू कोणी पाहिलेली नसते. पुष्कळदा अशी वस्तू जगात कुठे नसतेही. खाचा, भोके आणि उतरणी असलेला एक काल्पनिक ठोकळा, एवढेच.

तोंडी परीक्षेतही तेच. 'दुसरा आणि चौथा कोन का वापरत नाहीत?' हा ठरलेला प्रश्न. 'दृश्ये एकमेकांवर येतात' हे ठरलेले उत्तर. उत्तर बरोबर आहे, पण ते देणाऱ्या विद्यार्थ्याला पुठ्ठ्याची दोन पाने काटकोनात धरून, आडवे पान फिरवून, ती खरोखर कशी एकमेकांवर येतात हे दाखवायला सांगितले, तर तो गडबडतो. आपल्याकडे प्रथम कोन पद्धती शिकवतात. तीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेतील चित्रांत ते वर असते. असा एक जरी परदेशी कागद हातात देऊन 'याची भोके कोणत्या बाजूला पाडायची?' असे विचारले, तरी दहा शीटांचे काम होईल.

येथे कोणी म्हणेल, एवढे काय बिघडते? मुले नोकरीत शिकतील. या म्हणण्याला उत्तर म्हणून आम्ही एक जुनी घटना सांगतो. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनातील दोन झुलते मार्ग कोसळले. ११४ माणसे दगावली. मूळ योजनेत छतापासून निघालेला एकच लांब गज चौथ्या मजल्याच्या मार्गातून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याचा मार्ग तोलणार होता. एवढ्या लांब गजावर मध्यापर्यंत आटे पाडणे अडचणीचे, म्हणून नंतर एका गजाचे दोन करण्यात आले: छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत एक, आणि त्या तुळईपासून खाली दुसरा. कागदावर हा बदल अगदी किरकोळ दिसतो. पण दोरीच्या मल्लखांबावर दोन मुले आहेत असे समजा. दोघे दोरीला धरून असतील तर प्रत्येकाची पकड आपापले वजन पेलते. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचा एकूण भार तोच राहतो, मात्र वरच्याच्या पकडीवर दोघांचे वजन येते. चौथ्या मजल्याच्या तुळईखालील नटाचे हेच झाले. चौकशीत असेही दिसून आले की मूळ योजनासुद्धा तेथील बांधकाम नियमांना पुरी पडत नव्हती. बदलाने उरलासुरला आधार गेला. रेघा सरळ होत्या, अक्षरे सुबक होती. कागद पाहताना 'या नटावर काय येऊन बसले आहे?' हा प्रश्न कोणी वेळेत सोडवला नाही.

हा प्रश्न विचारायला लावणारा स्वाध्याय कठीण असायला हवा असे नाही. फ्लँजचे चित्र सगळीकडेच देतात. तेच थोडे बदलून पाहू. मधल्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास ७० मिलीमीटर. भोवती सहा भोके, त्यांत एम-१६ चे बोल्ट. भोकांची केंद्रे ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास मात्र प्रत्येकाने स्वतःच्या हजेरी क्रमांकावरून काढायचा: ८० अधिक क्रमांक. आता नक्कल करता येत नाही, हा झाला किरकोळ फायदा. खरी गंमत पुढे आहे. एम-१६ च्या षटकोनी नटाच्या समोरासमोरील बाजूंतील अंतर २४ मिलीमीटर असते. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ २७.७. नट फिरायचा असेल तर भोकाच्या केंद्रापासून नळकांड्यापर्यंत निदान १३.९ मिलीमीटर जागा हवी. सतराव्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे वर्तुळ ९७ चे, त्याची जागा ४८.५ वजा ३५, म्हणजे १३.५. नट अडतो! अठरावीचा नट जेमतेम फिरतो, पण तिला पाना घालायला जागा उरत नाही. म्हणजे वर्गातल्या पहिल्या सतरा जणांची शीटे कितीही स्वच्छ असली तरी त्यांची वस्तू जोडता येणार नाही. हे त्यांना चित्र काढतानाच कळले पाहिजे, आणि 'हे जमत नाही, अमुक माप बदलावे' असे त्यांनी शीटवर लिहिले तर त्याला गुण मिळाले पाहिजेत. सध्याच्या गुणपद्धतीत रेघांच्या जाडीला, अक्षरांना आणि वेळेत दिल्याला गुण असतात. 'ही वस्तू होणार नाही' असे सांगण्याला नसतात.

संगणकाने या बाबतीत मदत करायला हवी होती. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली केली. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढता येत, आणि 'या दोन समांतर असाव्यात', 'या सारख्या लांबीच्या असाव्यात' असे संबंधही यंत्राला सांगता येत. एक रेघ हलवली की यंत्र ते संबंध सांभाळून बाकीचे चित्र जुळवून घेई. म्हणजे संगणकावरील आरेखनाच्या जन्मापासूनच त्यात चित्रापेक्षा मोठे काहीतरी होते. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि पुढे घरोघरी पोहोचले. आज संबंध सांभाळणारी सॉफ्टवेअर महाविद्यालयांतही मिळतात. पण प्रात्यक्षिकांची यादी पाहावी तर: लाइन, सर्कल, ट्रिम, ऑफसेट, मिरर या आज्ञांचा सराव, आणि मग 'दिलेली आकृती काढा'. म्हणजे काचेवरची नक्कल माऊसने.

याचा पुरावा मापांतच सापडतो. अनेक शीटांवर २५ मिलीमीटर हे माप '२५.००००' असे छापलेले आम्ही पाहिले आहे. यंत्राने आपण होऊन चार दशांश स्थळे दिली आणि कोणी ती बदलली नाहीत. लेथवरच्या कारागिराच्या दृष्टीने ही मायक्रॉनच्या दहाव्या भागाची मागणी झाली. आणि जेथे अचूकता सांगायलाच हवी, त्या बेअरिंगच्या भोकावर ती दिलेली नसते. २५ मिलीमीटरच्या एच-७ भोकाला २१ मायक्रॉनची सूट असते. ही सूट कोणासाठी, का, आणि ती निम्मी केली तर वस्तूची किंमत का वाढते, यावर कार्यशाळेत उभे राहून अर्धा तास बोलणे हेच एक उत्तम प्रात्यक्षिक होईल.

मल्टिमीडियाच्या अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळी वाटते, पण दुखणे तेच आहे. तेथे सॉफ्टवेअरचे नाव हाच धड्याचा मथळा असतो. काही वर्षांपूर्वी फ्लॅशमध्ये बटण करणे हे जवळजवळ सक्तीचे प्रात्यक्षिक होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार कंपनीने काढून घेतला आणि ती बटणे इतिहासजमा झाली. पण फ्लॅशमध्ये जी कळचित्रे होती, म्हणजे मोक्याच्या क्षणांची चित्रे देऊन मधली यंत्राकडून भरून घेणे, ती पद्धत त्याच्या आधीही होती आणि आजही आहे. ज्यांना बटण शिकवले त्यांचे नुकसान झाले, ज्यांना कळचित्र शिकवले त्यांचे झाले नाही.

'उसळणारा चेंडू' हे सचलनाचे पहिले प्रात्यक्षिक. आम्ही पाहिलेल्या बहुतेक चेंडूंचा वेग वरपासून खालपर्यंत एकसारखा असतो. चेंडू पडत नाही, लिफ्टने उतरतो. शिक्षक म्हणतात, 'जरा नैसर्गिक करा', आणि मुले अंदाजाने ओढाताण करतात. वास्तविक हे नववी-दहावीचे भौतिकशास्त्र आहे. सेकंदाला २५ चित्रे धरली तर दोन चित्रांत ०.०४ सेकंदाचे अंतर. सोडलेला चेंडू पहिल्या चित्रापर्यंत सुमारे ८ मिलीमीटर, दुसऱ्यापर्यंत ३१, तिसऱ्यापर्यंत ७१ मिलीमीटर खाली आलेला असतो: एकास चारास नऊ. एक मीटरवरून जमिनीवर यायला ०.४५ सेकंद, म्हणजे अकरा चित्रे. मीटरपट्टी भिंतीला लावून शेजारी चेंडू सोडावा, मोबाइलवर चित्रित करावे आणि एकेक चित्र थांबवून मापे घ्यावीत. (मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, तेव्हा आकडे थोडे बदलतील, तो हिशेब मुलांनीच करावा.) पहिल्या उसळीची उंची मोजली की पुढच्या उसळ्यांचा अंदाज बांधता येतो. चेंडू मीटरवरून पडून ६४ सेंटिमीटर उसळला, तर पुढची उसळी ४१ च्या आसपास. हे माहीत असणारा मुलगा मग हवे तर नियम मोडून विनोदी चेंडूही करील, पण आपण काय मोडत आहोत हे त्याला ठाऊक असेल.

चित्रांच्या साठवणीचेही असेच. 'जेपेग आणि पीएनजी यांतील फरक लिहा' हा लेखी प्रश्न असतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने आपलेच आरेखनाचे शीट आणि आपलाच एक फोटो दोन्ही प्रकारांत साठवून मापे पाहावीत. रेघांचे चित्र पीएनजीत लहान आणि स्वच्छ निघते. जेपेगमध्ये कमी दर्जा निवडून ते मोठे करून पाहिले तर आकड्यांभोवती धुरकट कडा आणि आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन दिसू लागतात. मग जेपेगच्या पोटातील गणिताची गोष्ट सांगता येते: बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी नटराजन व राव यांनी १९७४ साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म प्रसिद्ध केला, त्यावर हे उभे आहे. आणि हे का लागते? १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या एका रंगीत चित्राला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एका मिनिटाचे ९ जीबीहून अधिक. या हिशेबाने तासाभराचे चित्रण बहुतेक मोबाइलमध्ये मावणार नाही, तरी लग्नाची तासाभराची चित्रफीत मावते. कशी, हे शोधणे हा एका सत्राचा प्रकल्प आहे.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. तीन तासांत वीसजणांची तुकडी, संगणक त्याहून कमी, तपासायला शीटांचा ढीग, आणि बाहेरून येणारा परीक्षक पाहणार ते ढिगाची उंची. सर्वांची उत्तरे सारखी असली की तपासणी लवकर होते. हजेरी क्रमांकावरची फ्लँज तपासायला वेळ लागतो. शीटांची संख्या निम्मी केल्याशिवाय हे होणार नाही, आणि तो निर्णय वर्गातल्या शिक्षकाच्या हाती नसतो. तरीही दहांपैकी दोन शीटे खऱ्या वस्तूंवरून काढून घेण्याला आडकाठी कुणाची नसावी. कुलूप, सायकलचे पेडल, शिलाई यंत्राची बॉबिन-केस यांना अनुदान लागत नाही.

शाळेतील शिक्षकांनाही येथे बरेच करता येईल. इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेत घनभूमिती असते, पण तीही बहुधा पुस्तकातूनच उतरवली जाते. एक प्रयोग सुचवतो. समोरून पाहिले तर चौरस, वरून पाहिले तर चौरस. बाजूने काय दिसेल? घन म्हणणारे बहुसंख्य असतील. पण तिरपी कापलेली पाचर आणि पाव वृत्तचिती यांनाही ही दोन्ही दृश्ये लागू पडतात. वर्गात कपडे धुण्याचा साबण आणि जुनी सुरी आणून आणखी किती आकार निघतात ते पाहावे. त्यानंतर अवघड प्रश्न: समोरून चौरस, वरून वर्तुळ आणि बाजूने त्रिकोण अशी बाह्याकृती असलेली एकच वस्तू कापून काढा. तपासायला शिक्षकाची गरज नाही. वस्तू उन्हात धरावी आणि किरणांना काटकोनात पांढरा पुठ्ठा ठेवून तिच्या तिन्ही बाजूंच्या सावल्या पाहाव्यात. विजेरीने मात्र करू नये. तिचे किरण फाकतात, आणि चौरसाची सावली चौरसासारखी पडत नाही.