आधी पाच अपघात, मग पाटी?

समजा, तुम्ही अमेरिकेत राहता आणि घराजवळच्या चौकात चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी हवी असा अर्ज पालिकेकडे केलात. पुढे काय होतं? साधारणपणे ट्रॅफिक इंजिनियर तीन गोष्टी बघतो: गाड्या किती, नोंदलेले अपघात किती, आणि कोपऱ्यावरून आडव्या रस्त्यावरचं दिसतं कितपत. मग तो 'एमयूटीसीडी' उघडतो. हे वाहतूक-चिन्हांचं राष्ट्रीय नियमपुस्तक, पहिली आवृत्ती १९३५ची.

त्यात पाटीसाठीचे निकष आहेत, त्यांना 'वॉरंट' म्हणतात. २००९च्या आवृत्तीत अपघातांचा निकष असा: अशा पाटीने टळू शकले असते असे किमान ५ नोंदलेले अपघात, १२ महिन्यांत. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला! २०२३च्या नव्या आवृत्तीत आकडे थोडे बदलले, पण झालेले अपघात मोजायची रीत तीच राहिली.

मला जास्त खटकतो तो २००९च्या आवृत्तीतला रहदारीचा निकष. मोठ्या रस्त्यावर तासाला सरासरी ३०० गाड्या हव्या होत्या. छोट्या रस्त्यावर गाड्या, सायकली आणि पादचारी मिळून २००, तेही दिवसातले ८ तास. इथवर ठीक. पण पुढे अट होती: गर्दीच्या तासात छोट्या रस्त्यावरच्या गाडीला सरासरी ३० सेकंद थांबावं लागलं पाहिजे. बघा, पादचारी मोजला, पण त्याचं ताटकळणं मोजलं नाही. आणि जी आजी भीतीपोटी तो चौक ओलांडतच नाही, ती तर कुठल्याच रकान्यात नव्हती.

इंजिनियरांची बाजूही खोटी नाही. आडवी रहदारी नसलेल्या चौकात पाटी लावली, तर लोक तिला जुमानत नाहीत. म्हणूनच वेग कमी करायला 'स्टॉप' वापरू नका, असं पुस्तक सांगतं.

पण तेच पुस्तक एक दारही उघडं ठेवतं. पादचाऱ्यांची वर्दळ असलेल्या जागेजवळ गाड्या आणि माणसं समोरासमोर येत असतील, किंवा थांबूनही आडवी रहदारी दिसत नसेल, तर पाटीचा विचार करता येतो. त्याला पाच अपघात लागत नाहीत. तेव्हा अर्जात 'गाड्या फार जोरात जातात' एवढंच लिहू नका. शाळा कुठे आहे, मुलं किती वाजता रस्ता ओलांडतात, कुठल्या कोपऱ्यावर झाडी आड येते, ते लिहा. आकड्यांत न मावणारी माणसं कागदावर आणायचा तोच एक रस्ता आहे.