ढकलपत्राचा लेखक गेला कुठे?

मंडळी, 'ढकलपत्र' हा शब्द आठवतो ना? ई-मेलच्या जमान्यात कुणा रसिकाने 'फॉरवर्ड'ला दिलेलं हे नाव. वाचायचं, हसायचं आणि पुढे ढकलायचं! आता ती ढकलगाडी व्हॉट्सअ‍ॅपवर धावते. तिच्याविषयी माझी तक्रार नेहमीची नाही. वेळ वाया जातो, डोळे बिघडतात हे आपण मुलांना सांगायला ठीक आहे. माझी तक्रार अशी, की या गाडीतून लेख येतो आणि लेखक मागेच राहतो.

तंत्रज्ञानाने हे होणारच होतं असं कुणी म्हणालं, तर मी मानणार नाही. १९९९ साली नेटस्केपमध्ये आरएसएस नावाची सोय निघाली (संघ नव्हे, बरं का!). ब्लॉगवर नवा लेख आला, की त्याचं शीर्षक आणि दुवा वाचकापर्यंत आपोआप पोचायचा. तारखेसाठी आणि लेखकाच्या नावासाठीही त्यात पुढे जागा होती. २००५ च्या ऑक्टोबरात गूगल रीडर आलं आणि आपल्या आवडीचे सगळे ब्लॉग एका पानावर वाचता येऊ लागले. शीर्षकावर टिचकी मारली, की तुम्ही थेट लेखकाच्या दारात. तिथे जुने लेख चाळा, दोन शब्द लिहा, वाद घाला. परदेशात बसून मराठी लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला याहून अधिक काय हवं होतं? १ जुलै २०१३ ला गूगलने ते बंद केलं. वापर घटला, हे कारण दिलं. (आरएसएस मात्र मेलं नाही, पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात.)

व्हॉट्सअ‍ॅपची घडण नेमकी उलटी. मजकूर कॉपी होतो, दुवा गळतो, आणि दोनचार हात फिरल्यावर खालचं नावही गळतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे बदलतं! पु.ल. २००० साली गेले, व.पु. २००१ साली. तरी दोघांच्या नावावर नवनवीन मजकूर फिरतोच आहे.

हे फक्त विनोदापुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्डवर शिक्का मारायला सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि अशा मजकुराची ढकलाढकल ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. उपाय चांगलाच. पण शिक्का एवढंच सांगतो, की हे दुसऱ्याचं आहे. कुणाचं, ते नाही.

यावर कुणी म्हणेल, जात्यावरच्या ओव्यांना तरी कुठे नाव होतं? खरं आहे. पण ओवी गाणारी बाई त्यात स्वतःचा भाऊ, स्वतःचं माहेर घालायची. ती ओवी तिची होऊन जायची. आपण यातला एक शब्दही बदलत नाही, फक्त अंगठा हलवतो. आणि इथे लिहिणारी व्यक्ती बहुधा हयात आहे, आपल्यासारखीच दिवसभर नोकरी करून रात्री लिहीत बसते. तिचा लेख हजारोंनी वाचला, आणि तिला त्याचा पत्ताच नाही. उद्या आपल्या मुलीने मराठीतला एखादा लेख आवडून विचारलं, "बाबा, यांचं आणखी काही आहे का?" तर 'लेखक अज्ञात' हे उत्तर तिला किती दिवस पुरेल?

लेखाची पहिली ओळ अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायला अर्धं मिनिट लागतं. पुष्कळदा मूळ ब्लॉग सापडतो, तारखेसकट. कधी कधी तिथे शेवटचा लेख दहा वर्षांपूर्वीचा असतो. खाली प्रतिक्रियांची चौकट मात्र उघडीच असते.