दशावतारांतील पेटी आणि मृदंग

दशावताराविषयीं लिहितांना आमचे टीकाकार संकासुराच्या विनोदावर आणि नटांच्या वेषभूषेवर भरभरून लिहितात. रंगभूमीच्या कडेला रात्रभर बसणारे पेटीवाले, मृदंगवाले व झांजवाले यांच्याविषयीं मात्र मौन धरतात. मालवण-वेंगुर्ल्याकडील जत्रा ज्यानें एकदां तरी जागून काढली आहे, त्यास हा अन्याय खटकल्यावांचून राहणार नाहीं. या नाटकास लिखित संहिता नसते. आख्यान तेवढें ठरतें. भाषणें नट आयत्या वेळीं रचतो. (विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां त्यांचीं पात्रेंहि असेंच बोलत.) नट कोठें थांबेल, केव्हां पद उचलील, केव्हां तलवार उपसील, हें वादकांनीं त्याच्या मुद्रेवरून व श्वासावरून ओळखावयाचें. युद्धनृत्यांत मृदंगाची थाप एक पाऊल चुकली, कीं राक्षस हास्यास्पद झालाच म्हणून समजावें!

अलीकडे ट्रिकसीनचा धूर आला, त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाहीं. मुलें खूष होतात. परंतु ध्वनिक्षेपकांतून नट गर्जूं लागला, म्हणजे पेटीवाल्यास त्याचा श्वास ऐकूं येत नाहीं, आणि मग तो दिसेल त्या पदाला तीच ठराविक सुरावट चिकटवितो. मंडळांच्या चालकांनीं निदान वादकांच्या बाजूचा कर्णा तरी मंद ठेवावा, एवढी आमची सूचना आहे.