भयपटाचा सूर आणि रत्नागिरीचा मृदंग

खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या परिसरात तुंबाड नावाचे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीने ते मराठी वाचकांच्या घरोघरी नेले आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने त्याचे नाव देशभर पोचवले. चित्रपटाची गोष्ट कादंबरीतली नाही. तिचे बीज नारायण धारपांच्या भयकथेत आहे. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाची, त्या पडक्या वाड्याची आणि न थांबणाऱ्या पावसाची भरपूर चर्चा झाली. पार्श्वसंगीताबद्दल त्या मानाने कमी बोलले गेले. माझ्या मते हा चित्रपट मनात टिकून राहतो तो त्याच्या सुरामुळे. आपल्या भयपटांची आजची अवस्था पाहायची तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

'तुंबाड'चे शीर्षकगीत अजय-अतुल यांचे आहे, पण पार्श्वसंगीत जेस्पर किड या डॅनिश संगीतकाराचे. 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी तो जगभर ओळखला जातो. गेममध्ये खेळणारा एकाच जागी किती वेळ थांबेल हे संगीतकाराला ठाऊक नसते. त्यामुळे त्याला प्रसंगाला धरून सूर लावता येत नाही, जागेचाच सूर शोधावा लागतो. 'तुंबाड'मध्ये हेच कामी आलेले दिसते. चित्रपटाचा नायक विनायक विहिरीतून खाली त्या लालभडक गर्भात उतरतो तेव्हा खालच्या पट्टीतली तंतुवाद्ये लांबत राहतात आणि त्या सुरात धोक्यापेक्षा दुःख जास्त असते. बाप लोभाने सडत चालला आहे आणि मुलगा त्याच वाटेने खाली उतरतो आहे. संगीत त्या दोघांसाठी शोक करते, तिथल्या हस्तर या राक्षसाची दवंडी पिटत बसत नाही. म्हणून हस्तर समोर येतो तेव्हा आपण घाबरतो आणि त्याच वेळी आपल्याला वाईटही वाटते. या दोन भावना एकत्र जागवणे फार थोड्या भयपटांना साधले आहे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लहानपणी विनायकाला शिकवलेले असते की, हस्तरचे नाव घेऊन दम दिला की घरातली शापित आजी झोपी जाते. मुलांना झोपवताना बागुलबुवाची भीती घालावी, तसेच ते बोलणे आहे. चित्रपटाच्या शेवटी तेच शब्द विनायकाच्या वाट्याला येतात, आणि म्हणणारा असतो त्याचा मुलगा पांडुरंग. तिथे वाद्यांनी काही सांगायची गरजच उरत नाही. कानाने ओळखीची खूण पकडलेली असते आणि पूर्वी जे भयाचे होते ते आता निरोपाचे होते. कुणाल शर्मा यांना या चित्रपटाच्या ध्वनिसंयोजनासाठी फिल्मफेअर मिळाले ते योग्यच होते. पाऊस, शब्द आणि वाद्ये यांच्यातली सीमा इथे जवळजवळ पुसली गेली आहे.

संगीत माणसाला घाबरवते कसे, याचे एक उत्तर शरीराकडे आहे. डॅनियल ब्लमस्टीन हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. पकडलेली पिल्ले फाटक्या, खरखरीत आवाजात किंचाळतात हे त्यांनी टिपले होते. मग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १०२ चित्रपटांतले गाजलेले प्रसंग तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भयपटांमध्ये अशा खरखरीच्या आणि किंकाळ्यांच्या आवाजांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. बर्नार्ड हरमन यांनी 'सायको'साठी (१९६०) फक्त तंतुवाद्ये घेतली आणि न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात व्हायोलिने पक्ष्यासारखी किंचाळवली, त्याचा परिणाम इथून येतो. हिचकॉकला तो प्रसंग मुळात संगीताविना हवा होता. हरमनचे काम ऐकल्यावर त्याने मत बदलले. पुढे 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) त्याच जोडीने नेहमीचे पार्श्वसंगीत काढूनच टाकले आणि पक्ष्यांचे आवाज ट्राउटोनियम या विद्युतवाद्यावर घडवून घेतले. एकदा किंकाळी, एकदा रिकामी जागा, आणि दोन्ही वेळा निर्णय पूर्ण विचार करून घेतलेला.

पण शरीराची ही दचकण क्षणभराची असते. ती ओसरल्यावर मनात काय उरते, हा कलेचा प्रश्न आहे. या प्रश्नाला आपल्या चित्रपटांनी एकेकाळी फार सुंदर उत्तर दिले होते. कमाल अमरोहींच्या 'महल'मध्ये (१९४९) भीती गाण्यातून येते. खेमचंद प्रकाश यांच्या चालीवर लताबाई गायल्या तेव्हा आवाज लांबून जवळ येतो आहे असे वाटावे म्हणून त्या माइकपासून दूर उभ्या राहून गात गात पुढे आल्या, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव म्हणून पडद्यावरच्या 'कामिनी'चे नाव छापले होते. बाई दिसत नाही, तिचा आवाज दिसतो. ती कोण, हे कळण्याआधीच ऐकणारा तिच्या ओढीत सापडतो. 'मधुमती', 'बीस साल बाद', 'वह कौन थी' अशी ही परंपरा पुढे चालली. यात भूत घाबरवत नाही, बोलावते.

मराठीत या परंपरेचा ठळक चित्रपट म्हणजे वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). नायक डॉ. काशिनाथ घाणेकर मूळचे चिपळूणचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. गोष्टीत भुताखेतांपेक्षा माणसांचे पाप अधिक आहे. सुधीर मोघे यांचे त्यातले रात्रीचे गाणे मात्र आजही अंगावर काटा आणते. पुढे झी मराठीवरच्या कोकणातल्या भयमालिकेने नावच त्या गाण्यातून घेतले. चाळीस वर्षांनंतरही एका गाण्याचे चार शब्द ऐकून लोकांनी त्या मालिकेत काय असेल हे ओळखले. चांगले संगीत काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

त्यानंतर सूर हरवला. रामसे बंधूंच्या चित्रपटांनी आणि १९९३पासूनच्या 'झी हॉरर शो'ने भीतीचा एक ठराविक साचा घराघरात रुजवला: दार करकरले की सिंथेसायझरचा घणाघात. एका पिढीला त्याने आनंद दिला, हे मान्य करायलाच हवे. पण साचा सोयीचा असल्यामुळे तो रोजच्या मालिकांच्या हाती गेला आणि तिथे झिजून गुळगुळीत झाला. २०१६च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'कडे भाषा होती, माणसे होती, सिंधुदुर्गातल्या आकेरीचा अस्सल वाडा होता. मालवणी बोलणारे नाईक कुटुंब महाराष्ट्राने आपले मानले. तरीही कोणी वळून पाहिले, कोणी पाण्याचा तांब्या ठेवला, की धक्क्याचा तोच आवाज आणि तोच चेहरा तीन वेळा. रोजच्या भागांचे वेळापत्रक मला ठाऊक आहे. संकलकाकडे तयार आवाजांचा साठा असतो आणि तो त्यातून उचलत जातो. पण त्यामुळे झाले असे की, अण्णा नाईकांसारखे खरोखर भयंकर पात्र हाती असताना त्या पात्राला स्वतःचा सूर मिळाला नाही. प्रेक्षक दचकायला शिकला आणि पुढे पुढे दचकेनासाही झाला.

राम गोपाल वर्मांनी 'भूत'मध्ये (२००३) गाणी काढून टाकली आणि सलीम-सुलेमान यांच्याकडून संपूर्ण पार्श्वसंगीत करून घेतले, तेव्हा हिंदीत एक नवे वळण येईल असे वाटले होते. ते आले, पण वाट पाश्चात्त्य भयपटांकडे गेली. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने (२०१७) मराठी भयपटाला उसाच्या फडाची नवी जागा दिली आणि त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४) कोकणातल्या लोककथेला मोठ्या पडद्यावर घेऊन गेला आणि भरपूर चालला. मुंज्या पडद्यावर कोकणातला वाटतो. डोळे मिटून ऐकला तर तो कुठल्याही गावचा असू शकतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे: आपले दिग्दर्शक कोकणात कॅमेरा घेऊन येतात आणि आवाज मुंबईत जाऊन शोधतात. 'तुंबाड'लाही हे थोडे लागू आहे. किड यांचे संगीत थोर आहे, पण त्याची भाषा युरोपातल्या वाद्यवृंदाची आहे.

रत्नागिरीकडे भीतीचे किती आवाज आहेत! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा जिल्हा. आषाढात कौलांवर तो कोसळत असतो तेव्हा मागच्या पडवीत कोणी आले तरी ऐकू येत नाही. इथल्या पावसातली भीती विजेच्या कडकडाटात नाही, त्या सलग आवाजाखाली काय झाकले गेले आहे, यात आहे. पाऊस सरला की रातकिडे रात्र भरून टाकतात, आणि ते एकाएकी गप्प झाले की आगरातून कोणीतरी चालते आहे हे लहान पोरालाही समजते. या शांततेला कुठलेही वाद्य लागत नाही.

आणि मग शिमगा. नमनाचे खेळे मृदंग-टाळ घेऊन गावोगाव फिरतात, त्यांच्यात संकासुर असतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. गडग्यापलीकडून घुंगरांची लय सुरू झाली की मुले दाराआड जातात, मोठी माणसे मात्र हात जोडून अंगणात थांबतात. तोच आवाज मुलांना पळवतो आणि वडीलधाऱ्यांना खेचून घेतो. हरमनने आणि खेमचंद प्रकाशांनी स्टुडिओत बसून जे साधले, ते आमच्या अंगणात कितीतरी पिढ्या होत आले आहे. देवळात कोणाच्या अंगात वारे येते तेव्हा ढोलाची लय कशी बदलते, ती कोणाकडे पाहून बदलते, कुठे थांबते, हे वाजवणाऱ्याला नेमके ठाऊक असते. त्या थांबण्यात जमलेल्या सगळ्यांचा श्वास अडकतो. इथली भीती भक्तीपासून वेगळी काढता येत नाही, आणि किंकाळीच्या संगीताला म्हणूनच ती पकडता येत नाही.

हे पडद्यावर आणता येते, आणि तेही याच किनाऱ्यावर घडले आहे. ऋषभ शेट्टी यांच्या 'कांतारा'ने (२०२२) भूतकोल या विधीतली दैवाची आरोळी आणि तिथली वाद्ये चित्रपटाच्या गाभ्याशी ठेवली. अजनीश लोकनाथ यांचे संगीत मोठ्या वाद्यवृंदाचेही आहे, पण आरोळी येते तेव्हा बाकी सगळे तिच्यासाठी जागा सोडते. मंगळूरपासून हजारो मैल दूरचा, तुळूचा शब्दही न कळणारा प्रेक्षक त्या आरोळीने हादरला. मल्याळममध्ये राहुल सदाशिवन यांच्या 'ब्रमयुगम'ने (२०२४) कृष्णधवल पडद्यावर पाऊस, पडका वाडा आणि क्रिस्तो झेवियर यांचे संगीत यांतून एक सबंध काळ उभा केला. पाऊस आणि पडके वाडे आपल्याकडे काय कमी आहेत?

कमी आहे तो वेळ आणि संगीताला मिळणारा मान. चित्रीकरण संपते, संकलन होते, पैसा संपत आलेला असतो, मग संगीतकाराला बोलावतात. संकलकाने तोपर्यंत एखाद्या परदेशी चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून ठेवलेले असते आणि सगळ्यांच्या कानांना त्याची सवय झालेली असते. 'असेच काहीतरी' अशी मागणी होते. संगणकातल्या तयार आवाजांच्या साठ्यात व्हायोलिनच्या किंकाळ्या शेकड्याने मिळतात, नमनाचा मृदंग मिळत नाही. म्हणून तो वापरला जात नाही. आणि वापरला जात नाही म्हणून कोणी तो नीट ध्वनिमुद्रित करत नाही. इकडे गावातही बदल होतो आहे. बहुरंगी नमनात आज की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. राक्षसाच्या प्रवेशाला टीव्हीवरचाच धक्का वाजतो. तरुण मुलांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. मोठ्या पडद्याने जे मोठे म्हणून दाखवले, तेच ती उचलतात. मात्र जुन्या हातांतले बोल एकदा गेले की कोणत्याही स्टुडिओत पुन्हा बनवता येणार नाहीत.

म्हणून माझे मागणे दोघांकडे आहे. कोकणात भयपट करू पाहणाऱ्या दिग्दर्शकांनी जागा पाहायला येताना संगीतकाराला आणि ध्वनिसंयोजकाला बरोबर आणावे, आणि पटकथा पक्की होण्याआधी आणावे. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरवणारे आर्ट सर्कल आहे, संगीत नाटकासाठी झटणारी खल्वायन आहे, राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने दरवर्षी पार्श्वसंगीत करणारी तरुण मुले आहेत. त्यांनी येत्या शिमग्यात चांगले माइक घेऊन गुहागर, संगमेश्वर, दापोलीकडच्या खेळ्यांबरोबर फिरावे, मृदंगाचे बोल, संकासुराची घुंगरे, पालखीपुढचा ढोल हे सगळे वाजवणाऱ्यांच्या नावासह आणि परवानगीने मुद्रित करावे, आणि तो साठा मागेल त्या संगीतकाराला खुला करावा. वापर झाला तर त्या वाजवणाऱ्यांना मानधन मिळेल, एवढी व्यवस्थाही त्याच वेळी करून ठेवावी.