पालपट्टीचा हिशेब

शृंगेरीच्या लुटीचा विषय निघाला की आपल्याकडील इतिहासाभिमानी मंडळींचे उत्तर ठरलेले असते: ते कृत्य मराठ्यांचे नव्हे, पेंढाऱ्यांचे. या उत्तरात तथ्य आहे. परंतु बचाव म्हणून ते कितपत टिकते, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी कॅप्टन लिटलच्या इंग्रज पलटणीसह धारवाडच्या किल्ल्यास वेढा घातला. सप्टेंबर १७९० मध्ये सुरू झालेला हा वेढा किल्ला हाती येईपर्यंत, म्हणजे एप्रिल १७९१ पर्यंत चालला. पुढे ही फौज दक्षिणेकडे सरकली आणि तिच्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी त्याच वर्षी शृंगेरीचा मठ लुटला. शारदाम्बेच्या मूर्तीची विटंबना झाली. सच्चिदानंद भारती स्वामींस कारकळास जाऊन राहावे लागले. पुनःस्थापनेसाठी द्रव्य पाठविले ते टिपूने! यासंबंधीची त्याची कानडी पत्रे म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे आर. नरसिंहाचार यांस १९१६ साली मठात सापडली. धर्मरक्षक म्हणविणाऱ्या पक्षाची याहून मोठी नाचक्की ती कोणती?

पेंढाऱ्यास पगार नसे. लूट हेच त्याचे वेतन, आणि त्या परवान्याबद्दल तोच उलट सरकारात पालपट्टी भरी. मालकाच्या कामावर असताना नोकराने केलेल्या अपकृत्याची भरपाई कायदा मालकाकडून मागतो. 'मी तशी आज्ञा दिली नव्हती' ही सबब न्यायासनापुढे चालत नाही. येथे तर मालक लुटीतील भागीदारच होता. ज्याचे पोट लुटीवर सोपविले, त्याने घर शत्रूचे की गुरूचे हे पाहावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

याची फळे पुढे आणखी कडू आली. शिंदे-होळकरांच्या आश्रयाने नर्मदाकाठी वाढलेल्या टोळ्या १८१६ साली कंपनीच्या गुंटूर प्रांतात शिरल्या. त्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणून लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाहून अधिक फौज उभी केली, आणि जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वसईचा तह, आपसांतील दुही ही कारणे होतीच. परंतु इंग्रजांस हवे असलेले निमित्त पेंढाऱ्यांनी पुरविले. धारवाड प्रांतही त्याच धामधुमीत मन्रोच्या हाती गेला.

ही चूक अठराव्या शतकाबरोबर संपली असेही नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत भारताच्या सरकारी यंत्रणेने श्रीलंकेतील तमिळ बंडखोर गटांस शस्त्रशिक्षण दिले. १९८७ साली त्यांपैकीच 'लिट्टे'शी भारतीय शांतिसेनेस लढावे लागले. अकराशेहून अधिक जवान कामास आले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या त्याच संघटनेने केली.

दुसऱ्याच्या मुलखात सोडलेला शस्त्रधारी आपली परतीची वाट स्वतः ठरवितो. तेव्हा 'पेंढाऱ्यांनी केले' हे आपले उत्तर वकिली भाषेत कबुलीजबाबच ठरते. पूर्वजांच्या पराक्रमाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. त्या वारशात शृंगेरीचे हे देणेही लिहिलेले आहे, आणि ते नाकारून फिटणारे नाही.